कुंडलच्या ओट्यावरून मुंबई-दिल्ली

मिरजेहून पुण्याकडे निघालेली पॅसेंजर सांगली, नांद्रे, भिलवडी, आमणापूर अशी थांबत थांबत किर्लोस्करवाडीला येते. या स्टेशनचे जुने नाव 'कुंडल रोड'. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजाने दिलेल्या माळावर कारखाना उभारला, पुढे वाडी वसली आणि स्टेशनला वाडीचे नाव मिळाले. स्टेशनबाहेर वडाप मिळते. दोन्ही बाजूंना ऊस, अधूनमधून द्राक्षाच्या बागा, समोर डोंगराची रांग. त्या डोंगराच्या पायथ्याला कुंडल आहे.

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातले हे मोठे गाव. डोंगरावर जैनांचे पार्श्वनाथाचे तीर्थ आहे, तिथे लांबून यात्रेकरू येतात. कुस्तीच्या शौकिनांना कुंडल ठाऊक आहे ते इथल्या महाराष्ट्र कुस्ती मैदानामुळे. वन खात्याची प्रबोधिनी आहे आणि क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. मी मात्र गेले होते नागरिकशास्त्रासाठी. आठवीच्या मुलांना स्थानिक शासन शिकवताना ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद असा तक्ता फळ्यावर काढावा लागतो आणि मुले तो पाठ करतात. या तक्त्याला जिवंत करील असे गाव जवळपास कुठले, याचा विचार करताना कुंडलचे नाव पुढे आले. आमच्या शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेचे ते माहेर. सहल नेण्याआधी गाव पाहून यावे म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघी निघालो.

कुंडलचा इतिहास सांगायचा तर आधी औंध संस्थान सांगावे लागते. हे संस्थान सलग नव्हते. बहात्तर गावे, पण तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचे गुणदाळ असे त्याचे भाग. १९३८ च्या अखेरीस राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी राज्याचा कारभार रयतेच्या हाती देत असल्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार केली. जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. गावाने आपली पंचायत निवडायची, पंचायतींनी मिळून तालुक्याची समिती करायची आणि तिथून संस्थानच्या विधिमंडळात माणसे जायची. म्हणजे सत्ता गावातून वर जात होती. देशाची घटना लिहिली जाण्याच्या दहा वर्षे आधी हे घडले. मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. आज आपण ती अट मान्य करणार नाही, पण त्या अटीमुळे अक्षरओळखीला गावोगाव भाव आला असेल, हे शिक्षक म्हणून मला पटते.

याच जमिनीत पुढे १९४३ मध्ये प्रतिसरकार उभे राहिले. बेचाळीसच्या चळवळीचे पुढारी तुरुंगात होते किंवा भूमिगत होते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यातल्या (त्यात आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग आला) तरुणांनी ठरवले की इंग्रज जाण्याची वाट बघत बसायचे नाही, आपला कारभार आपण सुरू करायचा. कुंडल हे त्यांचे मुख्य ठाणे. जी. डी. बापू लाड इथलेच. तूफान सेनेची उभारणी त्यांच्याच पुढाकाराने झाली. कुंडल औंध संस्थानात होते आणि ब्रिटिश मुलखातल्या पोलिसांना संस्थानच्या हद्दीत मोकळेपणी शिरता येत नव्हते. हद्दीच्या या रेषेचा भूमिगतांना मोठा आधार झाला. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेल्वे अडवली गेली, त्यात याच भागातली मंडळी होती.

गाडी अडवण्याची गोष्ट मुलांना आवडते. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते प्रतिसरकारचे रोजचे काम. गावोगावी न्यायदान मंडळे नेमली. बांधाचे भांडण, सावकाराचा तगादा, विधवेची जमीन असे खटले गावातच, गावासमोर चालत. दारूबंदी केली. काळाबाजार करणाऱ्याला धाक बसवला. लग्ने कमी खर्चात लावायला लोकांना तयार केले. या शेवटच्या कामाची आठवण आपल्या घरांत मुद्दाम काढावी. निकाह सोपा करा, असे आपला दीन सांगतो, आणि आपण हॉल, बँड, जहेज आणि चार प्रकारच्या मिठाईसाठी कर्ज काढतो. कुंडलच्या पोरांनी इंग्रजांशी लढता लढता लग्नाचा खर्च कमी करण्याला राजकारणच मानले होते.

या राज्याची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. खबऱ्यांना आणि गुंडांना तळपायावर मारण्याच्या शिक्षेवरून लोक याला 'पत्री सरकार' म्हणू लागले. ज्या निकालावर वर दाद मागता येत नाही, तो कितीही चांगल्या माणसाने दिला तरी धोक्याचाच. म्हणून तर पुढे घटना, न्यायालये आणि अपील यांची गरज पडली. १९४८ मध्ये औंध भारतात विलीन झाले, पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले.

दुपारचे जेवण सहकारी शिक्षिकेच्या घरी झाले. असरनंतर तिच्या अब्बांच्या ओट्यावर नेहमीची बैठक भरली. शेजारचे तात्या, गल्लीच्या टोकाचे आबा, एक रिटायर्ड कंडक्टर, कारखान्यात कामाला असलेला एक तरुण. आम्ही बाया उंबऱ्याच्या आत, चहा आणि बोलणे दोन्ही ऐकण्याच्या अंतरावर. शहरात राजकारणावरचे बोलणे टीव्हीवर चालते तसेच चालते. कोण कोणाला काय म्हणाले आणि कोण कुठल्या पक्षात गेले, यातच तास जातो. इथे तसे नव्हते. मी मुंबईतल्या नव्या मंत्रिमंडळाविषयी काही विचारले, तर तात्या म्हणाले, "बाई, आमदार कुणाचा बी असू दे, आवर्तन कवा सुटणार ते इचारा."

आवर्तन म्हणजे पाण्याची पाळी. ताकारी उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी उचलून या बाजूच्या चढाच्या जमिनींना देते. पंप विजेवर चालतात, विजेचे बिल थकते, पाळी पुढे जाते. मुंबईत अर्थसंकल्पात मांडलेली एक रक्कम इथे उसाच्या पानाच्या रंगावरून कळते.

मग उसावर बोलणे निघाले. उसाचा किमान दर, ज्याला एफआरपी म्हणतात, तो दिल्लीत ठरतो. २०१८-१९ च्या हंगामात तो क्विंटलला २७५ रुपये होता, २०२४-२५ च्या हंगामासाठी ३४० ठरला. आता ३४० म्हणजे टनाला ३,४०० झाले, असे शहरातला माणूस धरून चालतो. पण हा दर १०.२५ टक्के उताऱ्याचा आहे आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. दुसरीकडे साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि तिथेच थांबला. ऊस महागला, साखरेचा दर हलला नाही, म्हणून कारखाने ओढाताणीत. "मग यात लबाड कोण?" असे मी विचारले. कारखान्यातला तरुण हसला. "मॅडम, शेतकरी म्हणतो कारखाना लबाड, कारखाना म्हणतो दिल्ली लबाड. साखर सोळा रुपयांनी महागली तर पयल्यांदा तुम्हीच ओरडाल." उंबऱ्याच्या आत बसलेल्या आम्हा सगळ्यांना हे लागू होते. स्वस्त साखर आम्हालाच हवी असते.

हा ऊस तोडायला बीड जिल्ह्यातून कुटुंबे येतात. गावाबाहेर त्यांच्या कोप्या दिसतात, मुले उसाच्या फडात असतात. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर गेले आणि १९६७ मध्ये बीडमधून. या भागातला शेतकरी नेता, आणि त्याला बीडच्या लोकांनी निवडले. आज बीडहून येणाऱ्या कोयत्यावर या भागाचा हंगाम चालतो, पण त्या मुलांची शाळा कोणत्या जिल्ह्याने बघायची, याचे उत्तर दोन्हीकडच्या कागदांत हरवते. मी शिक्षिका म्हणून तो विषय काढला. आबा म्हणाले, "त्यांचं मत इथं न्हाई, म्हणून त्यांचं कोण ऐकत न्हाई." इतके सरळ उत्तर मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाले नव्हते.

पाण्याचा विषय पुन्हा आला, पण उलट्या बाजूने. कुंडलला पाणी हवे असते आणि याच तालुक्यातल्या भिलवडी, बुर्ली, ब्रह्मनाळ या नदीकाठच्या गावांना पाण्याची धास्ती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसे गेली. तेव्हापासून कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे नाव काढले की नदीकाठची माणसे तडकतात. कर्नाटकाला धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे. महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टी हे त्या पुराचे कारण नाही असा निष्कर्ष काढला. नदीकाठी राहणाऱ्याला तो पटत नाही. रिटायर्ड कंडक्टर सांगत होते, त्यांची बहीण भिलवडीला दिलेली. "तिला फोन केला की ती म्हणती पाणी नको, आमचा तात्या म्हणतो पाणी पायजे. दोघंबी खरं बोलत्यात." दोन राज्यांचा तंटा एका घरातल्या भावा-बहिणीच्या फोनमध्ये मावतो. त्यांच्यात भांडण होत नाही, कारण बहिणीच्या घरात पाणी किती चढले होते, हे भावाने डोळ्यांनी पाहिलेले आहे.

निवडणुकीचे बोलणे शेवटी आलेच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ४७ जागा दोन आघाड्यांनी वाटून घेतल्या. उरलेली एक अपक्षाची, ती सांगलीची. महाविकास आघाडीच्या वाटपात सांगलीची जागा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे गेली आणि नामवंत पैलवान चंद्रहार पाटील उमेदवार झाले. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि भाजपचे तेव्हाचे खासदार संजयकाका पाटील यांच्यावर लाखाच्या फरकाने निवडून आले. हा निकाल कोणाला आवडेल, कोणाला नाही. ओट्यावरही दोन मते होती. पण वर झालेले जागावाटप लोकांनी मतपेटीत पुन्हा एकदा तपासले, यावर सगळ्यांचे एकमत. पुढे सहा महिन्यांत विधानसभेला राज्याचा निकाल अगदी फिरला, तरी पलूस-कडेगावने आपला जुना आमदार ठेवला. गावचा माणूस एका मताचे दोन हिशेब ठेवतो.

आत माझ्या शेजारी बसलेल्या चाची आतापर्यंत गप्प होत्या. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या 'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार त्यांच्या सुनेच्या खात्यात येतात. त्या म्हणाल्या, "पैसे येतात, नाही का म्हणू? माझ्या हातात नवऱ्याला न विचारता कधी दीड हजार नव्हते. पण पोरीला कॉलेजला जायला सकाळची एसटी वेळेवर नाही. ती कोणत्या योजनेत बसते?" बाहेरच्या बैठकीत एसटीचा विषय निघाला नव्हता. तो उंबऱ्याच्या आतून निघाला.

अंधार पडू लागला तेव्हा बोलणे पुसेसावळीकडे वळले. औंधच्या जवळचे हे गाव, सातारा जिल्ह्यात. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव भडकला, मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. तो इंजिनिअर होता. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरातही फोनवरच्या स्टेटसवरून दंगल झाली होती. ज्या भागात एका राजाने रयतेला घटना दिली आणि जिथल्या तरुणांनी गावात न्यायदान मंडळे बसवली, त्याच भागात एका स्क्रीनशॉटवर निकाल लागला. कोणी साक्ष काढली नाही, कोणी मजकूर कुठून आला ते विचारले नाही.

"त्या रात्री आपल्याकडं काय झालं?" मी विचारले. अब्बा म्हणाले, "बेटी, काही झालं नाही. फोन सगळ्यांच्या हातात होते. इशा झाली तरी झोप कुणाला नव्हती. तात्या आले आणि इथं ओट्यावर बसले. पान खाल्लं, उसाचं बोलले, बारा वाजता घरी गेले. दुसऱ्या दिवशी परत आले." तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विजेच्या बिलाचे काहीतरी काढले.

मी मिरजेत राहते. २००९ चे दिवस आमच्या शहरालाही माहीत आहेत. आपल्या घरांत हल्ली राजकारणाचे बोलणे निघाले की ते बहुतेक भीतीचे असते. दिल्लीत कोणता कायदा येणार, टीव्हीवर कोण काय बोलला, कुठल्या दूरच्या शहरात काय पाडले. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, पुसेसावळी इथून फार लांब नाही. पण रात्रंदिवस फक्त हेच बोलत राहिलो तर दोन गोष्टी होतात. मुलांना वाटते की राजकारण म्हणजे आपल्यावर होणारी गोष्ट, आपण करायची नव्हे. आणि तात्यांसारखा माणूस आपल्या ओट्यावर येऊन बसायचा बंद होतो, कारण त्याच्याशी बोलायला पाणी, वीज, एसटी हे विषयच आपल्याकडे उरत नाहीत.

कुरआनातल्या एका सूरहचे नावच 'शूरा' आहे. ईमानवाले आपले व्यवहार आपसातल्या मशवऱ्याने चालवतात, असे तिच्यात त्यांचे वर्णन येते. सूरह हुजुरातमध्ये हुकूम आहे की बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर आधी पडताळून पाहा, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. हा हुकूम आपल्याला आहे. म्हणजे आपल्या घरातल्या फोनपासून सुरुवात करायची. आपल्या विरोधातली अफवा खोटी असते आणि आपल्या बाजूची मात्र खरी, असा नियम नाही. हजरत उमर (रजि.) यांना भर खुतब्यात एका सामान्य माणसाने विचारले की वाटणीच्या कापडात सर्वांना एक तुकडा आला, मग तुमचा अंगरखा कसा झाला? खलिफांच्या मुलाने उठून सांगितले की माझा तुकडा मी वडिलांना दिला. ही रिवायत आपण मिंबरावरून अनेकदा ऐकतो. प्रश्न कापडाच्या एका तुकड्याचा होता, पण विचारणारा हजर होता, समोर होता आणि त्याला उत्तर मिळाले.

असे हजर राहून विचारण्याची जागा आजच्या कायद्यात आहे. तिला ग्रामसभा म्हणतात. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान दिले. महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसे, यातली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे कुंडलसारख्या मोठ्या गावातही शंभर माणसे बसली की सभा भरते. त्या शंभरांत आपल्या मोहल्ल्यातली किती असतात? पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. चाचींचा एसटीचा प्रश्न महिला सभेत मांडून ठरावात लिहून घेतला, तर तो आगारात कागद म्हणून जातो. उंबऱ्याच्या आत राहिला तर तिथेच विरतो.

वरच्या पायऱ्यांवरही लक्ष ठेवावे लागते. २०२४ मध्ये दिल्लीची आणि मुंबईची निवडणूक वेळेवर झाली. पण राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर २०२२ पासून प्रशासक होते. आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची मुदतही २०२३ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात वर्षे गेली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका पार पाडा असे बजावले. एवढी वर्षे गटारीचे, दिव्यांचे, शाळेच्या छपराचे गाऱ्हाणे निवडलेल्या माणसापुढे मांडण्याची सोय नव्हती, आणि त्यावर आपल्या घरांत एकदाही रागाने बोलणे झाले नाही.

कुंडलजवळच्या कडेगावात मोहरमला उंच ताबूत निघतात आणि ते उभे करायला हिंदू मानकरी खांदा देतात. ताबुतांच्या रिवाजाबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते असोत. पण एकमेकांचे नाव, शेत आणि अडचण माहीत असलेल्या माणसांना एकमेकांविरुद्ध उठवणे कठीण जाते, हे तिथेही दिसते आणि अब्बांच्या ओट्यावरही.

आठवीच्या मुलांना मी आता तक्ता पाठ करायला सांगत नाही. त्यांना तीन कामे दिली आहेत. आपल्या वॉर्डात पाणी किती वाजता येते आणि ते कोण सोडतो, त्याचे नाव शोधा. घरात आलेला एक फॉरवर्ड घ्या आणि तो मुळात कुठून निघाला ते शोधा, सापडले नाही तर तो पुढे पाठवू नका. आणि दुसऱ्या समाजातल्या एका शेजाऱ्याला विचारा, तुमची या महिन्यातली सगळ्यात मोठी अडचण कोणती?

हीच कामे मोठ्यांनाही करता येतील. आपले घर ज्या गावात आहे तिथल्या पंचायतीच्या फळ्यावर पुढच्या ग्रामसभेची तारीख लिहिलेली असते. ती वाचा, जुम्यानंतर मशिदीबाहेर चार जणांना सांगा आणि त्या दिवशी घरातल्या बायकांनाही घेऊन जा. शेजारच्या तात्यांनाही हाक मारा. त्यांच्या आवर्तनाचा प्रश्न त्याच सभेत यायचा आहे.